तालुकदार, कलेक्टर, जिल्हाधिकारी : एका खुर्चीची नावे



जालन्यात रिक्षात बसून "जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे आहे" असे सांगितले, तर रिक्षावाला विचारतोच, "कलेक्टर ऑफिस ना?" पाटीवर जिल्हाधिकारी आणि तोंडात कलेक्टर. आमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या बायका तर या दोन्हींपैकी एकही शब्द वापरत नसत. त्या म्हणत "तालुकदारसाहेब". आजच्या मुलींना तालुकदार म्हटले की तालुक्याचा अधिकारी वाटतो, म्हणजे तहसीलदार. पण निजामाच्या राज्यात अख्ख्या जिल्ह्याचा जो मुख्य, त्याला अव्वल तालुकदार म्हणत. काम बरेचसे तेच, खुर्ची तीच, नावे मात्र बदलत गेली.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. इतिहास शाळेत होता तेवढाच. पण हिशेबाच्या वहीत एखाद्या खात्याचे नाव बदललेले दिसले की आपण विचारतो, का बदलले, आणि जुनी शिल्लक कुठे गेली? पदांच्या नावांचेही तसेच आहे. ज्याने नाव ठेवले त्याला त्या माणसाकडून काय हवे होते, ते त्या नावात लिहिलेले असते. आज हेच खाते उघडून बघू या.

तालुकदार म्हणजे कोण?

"ताल्लुक" हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ संबंध. हिंदीत आपण "ताल्लुकात" ऐकतो ना, तोच. ज्या मुलखाचा संबंध ज्याच्याशी जोडून दिला, तो त्याचा ताल्लुका, आणि तो सांभाळणारा ताल्लुकदार. आपला "तालुका" यातूनच आला. किती साधा, घरगुती शब्द! पण संबंध कशाचा, हा खरा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हैदराबाद संस्थानात हा संबंध पैशाचा होता. दरबाराची तिजोरी रिकामी, सैन्याचा पगार थकलेला. मग जो दरबाराला आगाऊ रक्कम मोजेल त्याच्याकडे तालुके सोपवले जात. शेतकऱ्यांकडून वसूल करायचा, त्यातला आपला हिस्सा ठेवायचा आणि उरलेला दरबारी भरायचा. वसुलीबद्दल तालुकदाराला रुपयामागे दोन आणे मिळत. म्हणजे साडेबारा टक्के. हे झाले कागदावरचे. ज्याने आधी पैसे मोजले आहेत आणि उद्या दुसऱ्याने जास्त मोजले तर ज्याचा तालुका जाणार आहे, तो शेतकऱ्याचे पुढच्या वर्षीचे बियाणे शिल्लक ठेवील का? कमिशनवरचा माणूस विक्री वाढवतो, हे आपल्या दुकानात ठीक आहे. सारा वसूल करणारा माणूस कमिशनवर ठेवला, तर तो माणसे पिळतो.

गंमत म्हणजे हाच शब्द उत्तरेकडे अवधमध्ये गेला, तर तिथे ताल्लुकदार म्हणजे मोठा जमीनदार, वाडे-हवेल्यांचा मालक. एकच शब्द, एकीकडे ठेकेदार, दुसरीकडे जमीनदार, आणि आपल्याकडे पुढे पगारी अधिकारी. तो अधिकारी कसा झाला, ते आता बघू.

सालारजंगांनी काय बदलले

१८५३ साली मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, हैदराबादचे दिवाण झाले. १८८३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, तब्बल तीस वर्षे, ते त्या पदावर होते. त्यांनी हळूहळू ठेकेदार तालुकदार काढले आणि त्यांच्या जागी पगारी तालुकदार नेमले. नाव तेच ठेवले, पण उत्पन्नाचा प्रकार बदलला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या सुधारणांचे मूळ या एका नोंदीत आहे. कमिशन बंद, पगार सुरू. पगार ठरलेला असला की शेतकऱ्याला जास्त पिळून तालुकदाराच्या हाती उघडपणे काही येत नाही. लाच राहते, ती आजही आहे. पण लाच हा गुन्हा असतो, कमिशन हा हक्क होता. हा फरक मोठा आहे.

१८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली, म्हणजे संस्थानाचे जिल्हे पाडले गेले. प्रत्येक जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, म्हणजे पहिला. त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम, म्हणजे दुसरा आणि तिसरा तालुकदार. तालुक्याला तहसीलदार, आणि काही जिल्हे मिळून एक सुभा, त्यावर सुभेदार. आपले जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. म्हणून तालुकदारसाहेब बसायचे औरंगाबादेत, आणि जालन्याच्या माणसाला रोजच्या कामासाठी भेटायचा तो तहसीलदार.

हे शब्दही उलगडून बघण्यासारखे आहेत. "तहसील" म्हणजे वसुली, म्हणून तहसीलदार म्हणजे वसूल करणारा. आणि "जिल्हा"? मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, बाजू. राज्य हे शरीर आणि जिल्हे त्याच्या बरगड्या. हे वाचले तेव्हा मला फार आवडले. बरगड्यांचे काम आतले काळीज जपायचे, नाही का?

ज्यांच्या घरी जुनी कागदपत्रे असतील त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. निजामी कागदांवर इसवी सन नसतो, फसली साल असते. फसल म्हणजे पीक. साऱ्याच्या हिशेबासाठीचे हे वर्ष. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते. १२७५ फसली म्हणजे १८६५. पेटीतला एखादा पिवळा पडलेला कागद "तेराशे कितीतरी सालचा" म्हणून कोणी पुराणवस्तू समजत असेल, तर आधी ही बेरीज करून बघा. तो कदाचित तुमच्या आजेसासऱ्यांच्या काळातला असेल.

सीमेपलीकडे वेगळे साहेब

आपल्या जालन्याच्या भोवती तर आणखी मजा होती. देऊळगाव राजा इथून तासाभरावर. पण ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केले, आणि तिथल्या जिल्ह्याच्या प्रमुखाला नाव मिळाले डेप्युटी कमिशनर. गोदावरी ओलांडून नगरकडे गेले की मुंबई इलाखा, तिथे कलेक्टर. आणि आपल्याकडे अव्वल तालुकदार. तीन मुलूख, तीन नावे, आणि आपल्या समाजाच्या सोयरिकी तिन्हीकडे.

विचार करा, जालन्याची मुलगी देऊळगाव राजाला दिली की साहेबाचे नाव बदलले, कचेरीची भाषा बदलली, रुपयासुद्धा बदलला. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. माहेरहून मिळालेल्या सात रुपयांचे सासरी सहाच होत! जुन्या बायका तोंडी हिशेबात एवढ्या पक्क्या का होत्या, याचे एक कारण यात असावे.

कलेक्टर : गोळा करणारा

आता इंग्रजी शब्दाकडे येऊ. कलेक्टर म्हणजे गोळा करणारा. याला काही भारदस्त अर्थ नाही. ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात व्यापारी पेढी. तिला बंगालचा महसूल वसूल करण्याचा हक्क १७६५ मध्ये मिळाला. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात जिल्ह्यावर बसवलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना कलेक्टर हे नाव दिले गेले. पेढीने आपल्या वसुली कारकुनाला जे नाव द्यावे, तेच. पुढे त्याच माणसाकडे न्याय आला, पोलीस आले, दुष्काळ आला, सगळेच आले. पण नाव तेच राहिले, कारण पेढीच्या लेखी मुख्य काम तेच होते.

म्हणून मला या तीन शब्दांची तुलना करावीशी वाटते. तहसीलदार, कलेक्टर आणि जुना ठेकेदार तालुकदार, तिघांच्याही नावात किंवा कामात आधी वसुली आहे. राज्य कोणाचेही असो, रयतेकडे ते आधी येणेकरी म्हणून बघत होते. आपल्या पणजोबांना कचेरीची भीती वाटायची, ती अडाणीपणामुळे नव्हे. कचेरीतून माणूस आला की तो काहीतरी न्यायलाच येई. साहेबांचा दौरा म्हणजे गावाने रसद द्यायची, चारा द्यायचा, वेठीला माणसे द्यायची. मग बायका दार लावून घेत आणि मुलांना आत ओढत. त्या भीतीला कारण होते.

राज्य गेले, नाव गेले

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. काही काळ लष्करी प्रशासन होते. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. अव्वल तालुकदार हे नाव कागदांवरून गेले आणि भारतभर चालणारे कलेक्टर आले. खुद्द निजामाचे पदही बदलले. मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ मध्ये ते राज्यच उरले नाही, तेव्हा तेही पद संपले.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे एकाच घरात, एकाच ओट्यावर बसलेल्या बाईने बारा वर्षांत निजामाचे राज्य, भारतातले हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार राज्ये पाहिली. ती कुठेही गेली नाही. राज्येच तिच्या दारावरून गेली.

जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. तोवर कलेक्टरकडे काही काम निघाले की औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, गाडी धरावी लागे. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद आणि परभणीचे परतूर असे तालुके मिळून हा जिल्हा झाला. आज बदनापूर, घनसावंगी आणि मंठा धरून आठ तालुके आहेत. "जालना सोने का पालना" म्हणणाऱ्या या गावाला स्वतःची जिल्हा कचेरी मिळायला एवढा काळ जावा लागला.

हुकमाने नाव बदलते, जीभ बदलत नाही

महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारी कामकाज मराठीत आणण्यासाठी भाषा संचालनालयाने पदांची मराठी नावे ठरवली, पदनाम कोश काढला. कलेक्टरचे जिल्हाधिकारी झाले. मला हे नाव आवडते, कारण या नावात प्रथमच वसुली नाही.

हे काम आपल्याकडे नवीन नव्हते. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घेतला, तेव्हा दरबारातली फारसी नावे बदलली होती. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला. पेशव्याचे नाव झाले मुख्यप्रधान. पण पुढच्या शंभर वर्षांत लोक काय म्हणाले? पेशवेच म्हणाले! इतक्या मोठ्या राजाने नाव बदलले तरी जिभेने जुना शब्द सोडला नाही. मग रिक्षावाला "कलेक्टर ऑफिस" म्हणाला तर त्याला काय बोलणार? अलीकडे तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. गावात जाऊन बघा, "तलाठीआप्पा आलेत का?" असेच विचारतात.

जिल्हाधिकारी या शब्दात आणखी एक चांगली गोष्ट आहे. पूर्वी कलेक्टरीणबाई म्हणजे कलेक्टरची बायको, मामलेदारीणबाई म्हणजे मामलेदाराची, पाटलीणबाई म्हणजे पाटलाची. बाईला अधिकाराचे नाव मिळायचे ते नवऱ्यामार्फत, उसने. जिल्हाधिकारी या शब्दाला वेगळे स्त्रीलिंगी रूप लागतच नाही. १९५१ मध्ये अण्णा राजम जॉर्ज, पुढच्या अण्णा राजम मल्होत्रा, या स्वतंत्र भारतातल्या पहिल्या महिला आयएएस अधिकारी झाल्या. आज "जिल्हाधिकारी मॅडम" हा शब्द कानाला खटकत नाही. त्यांच्या यजमानांना काय म्हणावे, हा प्रश्न मात्र मराठीने अजून सोडवलेला नाही.

नोकराची पदवी मालकाची होते तेव्हा

आता मूळ मुद्दा. ही सगळी नावे एका रांगेत ठेवली तर एक गोष्ट दिसते. प्रत्येक पदाची सुरुवात सोपवलेल्या कामाने होते, आणि लक्ष दिले नाही तर शेवट मालकीत होतो.

निजाम हाच शब्द घ्या. निजाम-उल-मुल्क म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा. ही बादशहाने आपल्या सरदाराला दिलेली पदवी. मीर कमरुद्दीन खानाने १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे, म्हणजे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, मुबारिज खानाचा पराभव केला आणि दख्खनचा ताबा घेतला. कागदोपत्री तो दिल्लीचा सुभेदारच राहिला. पण व्यवस्थापकाची पदवी त्याच्या घरात मुरली, मुलाला मिळाली, नातवाला मिळाली, आणि सव्वादोनशे वर्षे निजाम म्हणजे राजा असाच अर्थ राहिला. पेशव्यांचेही तेच झाले. प्रधानाचे पद बापाकडून मुलाकडे गेले आणि छत्रपती साताऱ्याला नावापुरते उरले. गावपातळीवर पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, सगळी कामाची पदे होती, ती वतने झाली. आज काम गेले, वतन गेले, आडनाव राहिले.

दुसऱ्यांकडे कशाला बघा? आपल्या आडनावांची यादी काढा. भंडारी म्हणजे भांडार सांभाळणारे. कोठारी म्हणजे कोठार. खजांची म्हणजे खजिना. संघवी, सिंघवी म्हणजे संघपती. संघपती ही तर आपल्या समाजातली मोठ्या मानाची पदवी. जो स्वखर्चाने सगळ्या संघाला तीर्थयात्रेला घेऊन जाईल, वाटेत प्रत्येकाच्या जेवणाची, औषधपाण्याची, साधू-साध्वींच्या सोयीची जबाबदारी घेईल, त्याला संघाने माळ घालून ही पदवी द्यायची. एका यात्रेची पदवी पुढच्या कित्येक पिढ्यांचे आडनाव झाली. त्यात वाईट काही नाही. फक्त लग्नात "आम्ही संघवी" म्हणून पुढची खुर्ची मागताना, शेवटचा संघ कधी काढला, हे आठवावे एवढेच.

आपल्या संविधानाच्या कलम १८ ने किताब रद्द केले. रायबहादूर, रायसाहेब बंद. सैन्यातले आणि विद्येतले मान तेवढे ठेवले. मात्र पदे ठेवली, कारण पद म्हणजे काम. आणि ते काम कोणाच्या घरात मुरू नये म्हणून बदली आहे, निवृत्ती आहे. काही कामे वेगळ्यांकडे आहेत. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा, दवाखाने, ग्रामविकास अशी बरीच कामे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातून तिकडे गेली. ज्याला आपण सगळे जिल्ह्याचा राजा समजतो, त्याच्या हाती सगळे नाही, आणि ते मुद्दामच तसे केले आहे.

बहुतेक सरकारी कार्यालयांत साहेबांच्या खोलीत एक लाकडी फलक असतो. आधीच्या सगळ्या अधिकाऱ्यांची नावे, पुढे तारखा, पासून आणि पर्यंत. तो फलक पाहिला की मला भरत चक्रवर्तींची गोष्ट आठवते. सहा खंड जिंकून भरत वृषभाचल पर्वतावर आपले नाव कोरायला गेले. त्यांना वाटले होते, असा चक्रवर्ती मीच पहिला. तिथे पाहतात तर शिळेवर बोटभर जागा रिकामी नाही, इतकी आधीच्या चक्रवर्तींची नावे! शेवटी एक नाव पुसून त्या जागी आपले लिहावे लागले. आणि पुसतानाच कळले, की उद्या कोणीतरी आपलेही पुसणार. अहंकार तिथेच गळाला. चक्रवर्तीपद जिथे टिकत नाही, तिथे तीन वर्षांच्या बदलीच्या पदाचे काय?

आपण परिग्रह म्हणजे सोने, कपडे, घर एवढेच धरतो. पण परिग्रह वस्तूत नसतो, "हे माझे" या भावात असतो, हे आपण प्रवचनात ऐकतोच. मग अधिकार हाही परिग्रह होऊ शकतो. सरकारी खुर्चीचा होतो तसा मंदिराच्या, स्थानकाच्या ट्रस्टच्या अध्यक्षपदाचा होतो, महिला मंडळाच्या सचिवपदाचा होतो. आणि खरे सांगायचे तर कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याचाही होतो. सासूने सुनेला किल्ल्या दिल्या की घर सोपवले, असे म्हणतात. "सोपवले" हा शब्द किती नेमका आहे! विकले नाही, बक्षीस दिले नाही. सोपवलेली वस्तू पुढे सोपवायचीच असते.

अधिकाराचा दुसरा अर्थ

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात महत्त्वाची. "अधिकार" या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. साहेबांची सत्ता, तोही अधिकार. आणि माहितीचा अधिकार, वारसाचा अधिकार म्हणतो, तो आपला हक्क, तोही अधिकार. एकाच शब्दात दोन्ही. अधिकाऱ्याकडे अधिकार आहे, तो आपल्याला आपला अधिकार मिळावा म्हणून. असा विचार केला की जिल्हाधिकारी या नावाचा अर्थ पुरा होतो.

आमच्या नात्यात एक काकू होत्या. ऐन तिशीत काका गेले. शेत होते, दुकानात हिस्सा होता. कचेरीचे काम म्हटले की घरातले पुरुष जात. "बायकांनी कचेरीची पायरी चढू नये" हे काकूंनी इतके ऐकले होते, की त्यांना तो धर्माचाच नियम वाटे. सह्या जिथे सांगितल्या तिथे केल्या. म्हातारपणी औषधपाण्याला पैसे लागले तेव्हा कोणीतरी सातबारा काढून आणला. त्यावर त्यांचे नाव कधी लागलेच नव्हते. घरातल्यांनी त्यांना उपाशी ठेवले नाही, हे खरे. पण स्वतःच्या शेतावर जन्मभर पाहुणीसारखे राहणे, याला काय म्हणावे? शेवटपर्यंत त्या म्हणत राहिल्या, "आपल्याला काय कळतंय त्या तालुकदाराचं!"

म्हणून थोडे व्यवहाराचे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ आपल्या जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मजात हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित मुलीही त्यात आल्या. वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. शेतजमिनीची वारस नोंद करायची असेल तर अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. तो फेरफार धरतो, मंडळ अधिकारी तो तपासून मंजूर करतो. निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. म्हणजे बहुतेक कामासाठी कलेक्टरपर्यंत जावेही लागत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत देणे हे त्या कार्यालयावर बंधन आहे, उपकार नाही.

कोणाशी भांडायला सांगत नाही. भावाला हिस्सा सोडून द्यायचा असेल तर जरूर सोडा, त्याग आपल्या रक्तात आहे. पण जे आपल्या नावावर आहे हे माहीत असते, त्याचाच त्याग होतो. जे माहीतच नाही ते सोडले, त्याला त्याग म्हणत नाहीत, ते नुसते गेलेले असते.

तर या चातुर्मासात एक छोटे काम करू या. घरातली कागदांची पेटी उघडा. कोणत्या कागदावर कोणाचे नाव आहे ते बघा. फसली साल दिसले तर ५९० मिळवा. तालुकदाराचा शिक्का दिसला तर मुलांना, सुनांना बोलावून दाखवा आणि हा शब्द कुठून आला ते सांगा. आणि स्वतःचे नाव जिथे असायला हवे तिथे नसेल, तर सुनेला किंवा मुलीला सोबत घ्या आणि कचेरीची पायरी चढा. आत बसलेल्या माणसाला काय म्हणायचे, तालुकदार, कलेक्टर की जिल्हाधिकारी, ते तुम्ही ठरवा. तुमचे काम करण्यासाठीच त्याला तिथे बसवले आहे.